रोबोकॉप: रोग सिटी – गोळीबाराइतकीच ठाण्याची ड्युटी महत्त्वाची मानणारा गेम

या गेममध्ये उडी मारायचं बटण नाही. खाली बसता येत नाही, सरपटता येत नाही. चाल थोडी वाढवता येते, पण त्याला धावणं म्हणता यायचं नाही. समोरून गोळ्यांचा पाऊस पडत असतो आणि आपण एकेक जड पाऊल टाकत सरळ त्या दिशेनंच निघालेलो असतो. इतर शूटर गेमची सवय असणाऱ्याला सुरुवातीला हात बांधल्यासारखं होईल. तरी सोडू नका. हा जडपणा मुद्दाम ठेवलाय आणि गेमचा जीव त्यातच आहे.

पॉल व्हरहोव्हन यांचा 'रोबोकॉप' हा चित्रपट १९८७ साली आला. डेट्रॉइटमधला अॅलेक्स मर्फी नावाचा पोलीस गुंडांच्या गोळ्यांनी मरतो आणि ओसीपी ही बलाढ्य कंपनी त्याच्या उरल्यासुरल्या देहातून पोलादी पोलीस बनवते. पोलीस दल चालवायचा ठेकाही याच कंपनीकडे. त्या चित्रपटावर गेम याआधीही निघाले, पण टेयॉन या पोलिश स्टुडिओनं नोव्हेंबर २०२३ मध्ये आणलेला हा गेम त्या जगात खऱ्या अर्थानं राहायला जातो. कथा दुसऱ्या आणि तिसऱ्या चित्रपटाच्या मधल्या काळात घडते. पहिल्या दोन चित्रपटांत रोबोकॉप झालेले पीटर वेलर तिसऱ्या चित्रपटात नव्हते. इथं मात्र चेहराही त्यांचा आहे आणि आवाजही त्यांचाच. तो सपाट, तुटक आवाज पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. बेसिल पोलेडोरिस यांची मूळ चित्रपटातली धूनही नेमक्या जागी वाजते.

मारामारीबद्दल आधी सांगतो. मांडीच्या आतून बाहेर येणारं ऑटो-९ पिस्तूल शेवटपर्यंत आपल्याजवळ राहतं आणि त्याच्या गोळ्या कधीच संपत नाहीत. (चित्रपटासाठी ते बेरेटा ९३आर या खऱ्या पिस्तुलावरून बनवलं होतं.) एका दाबात तीन गोळ्या सुटतात, त्या आवाजात एक ठाम ठेका आहे. नेम धरला की पडदा हिरवा होतो आणि माणसांच्या कडा उजळतात. पिस्तुलात चिपा बसवायचे बोर्ड मिळतात. वीज कुठून कुठं वाहील असा हिशेब करत तुकडे जोडायचे, म्हणजे गोळीचा मार, झाडण्याचा वेग आणि एका मॅगझिनमध्ये मावणाऱ्या गोळ्या वाढतात. मी या बोर्डांवर तासन्‌तास रमलो. शिवाय समोरच्याला गचांडी धरून भिरकावता येतं, टेबलावरचा मॉनिटर किंवा उभी मोटरसायकल उचलून फेकता येते, आणि भिंत फोडून खोलीत शिरलं की क्षणभर काळ संथ होतो. सुरुवातीलाच गुंडांची टोळी टीव्ही चॅनेलच्या इमारतीत लोकांना ओलीस धरते. तिथल्या अरुंद खोल्यांमधून असं चालत जाताना कळतं, की रोबोकॉपला लपायची गरज का नाही.

पण मला लिहावंसं वाटलं ते गोळीबार थांबल्यावर जे सुरू होतं त्याबद्दल.

मी पोलीस लाइनीत वाढलो. बाबा सहाय्यक फौजदार म्हणून निवृत्त झाले. पोलिसाच्या नोकरीत बंदुकीचा वाटा किती आणि टेबल, रजिस्टर, तक्रारदार यांचा किती, हे आमच्या घरात रोज जेवताना कळायचं. पोलिसांवरचे गेम हा दुसरा भाग सरळ गाळतात. इथं तो आहे आणि मन लावून केलेला आहे. मेट्रो वेस्ट हे आपलं पोलीस ठाणं. लॉकर, कोठडी, गोळीबाराच्या सरावाची जागा आणि सार्जंट रीडचं ओरडणं, सगळं तिथं आहे. पगार आणि साधनांवरून वैतागलेले सहकारी कोपऱ्याकोपऱ्यात कुजबुजताना ऐकू येतात. कुणाशी बोलायला थांबलं की त्यातून काम निघतं. दवाखान्यात पडलेल्या सहकाऱ्यासाठी शुभेच्छापत्रावर सह्या गोळा करायच्या, हेही एक कामच.

एका टप्प्यावर रोबोकॉपला स्वागतकक्षात बसवतात. आपल्याकडे ठाणे अंमलदाराची असते तीच ही ड्युटी. लोक एकामागून एक येतात. कुणी घाबरलेलं, कुणी चिडलेलं, कुणाची तक्रार मुळात पोलिसांची नव्हेच. हेल्मेट घातलेला तो पोलादी माणूस प्रत्येकाचं शांतपणे ऐकून घेतो. मग उत्तर निवडायचं असतं: कायद्याला धरून, की समोरच्या माणसाला धरून. बाबा सोफ्यावर बसून बघत होते. मी पहिल्याच माणसाला नियम सांगायला निघालो तर म्हणाले, "अरे, आधी त्याला पूर्ण बोलू दे. निम्मी तक्रार बोलण्यातच निवते." गेमचा सूर अगदी हाच आहे. बंदुकीच्या गेममध्ये माणसांचं ऐकून घ्यायला इतकी जागा दिलेली मी आजवर पाहिली नव्हती.

बाहेर जुन्या डेट्रॉइटचा एक भाग मोकळा फिरायला मिळतो. तो फार मोठा नाही, पण कथा पुढं सरकते तशी आपण तिथं पुन्हा पुन्हा येतो आणि ओळखीचे चेहरे भेटत राहतात. चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांची पावती फाडायची. भिंतीवर रंग फवारणाऱ्या पोराला दंड करायचा की समज देऊन सोडायचं, ते आपण ठरवायचं. आडव्यातिडव्या खोल्यांमध्ये सोन्याची घड्याळं, पाकिटं, 'न्यूक' या अमली पदार्थाच्या कुप्या सापडतात. त्या उचलल्या की मुद्देमाल म्हणून जमा होतात आणि त्याचे अनुभवगुण मिळतात, ज्यांवर रोबोकॉपच्या क्षमता वाढवता येतात. मी एकही कप्पा सोडला नाही. मोहीम संपली की कामगिरीचा अहवाल निघतो. त्यात नुसतं किती गुंड मारले एवढंच मोजत नाहीत, वाटेतली ही छोटी कामंही धरतात.

कंपनीनं नेमलेली मानसशास्त्रज्ञ ऑलिव्हिया ब्लँश अधूनमधून रोबोकॉपला समोर बसवून प्रश्न विचारते. तू यंत्र आहेस की माणूस? जुन्या घराच्या, बायकोमुलाच्या आठवणी येतात तेव्हा काय होतं? उत्तरं आपली असतात. चौकशीचा हा भाग मला सगळ्यात हळवा वाटला. वेलर यांनी आवाज जराही न चढवता तो पेलला आहे.

उणिवा आहेत. माणसांचे चेहरे ताठर आहेत, ओठ आणि शब्द जुळत नाहीत. शहराचे ओले रस्ते, निऑन दिवे इतके देखणे असताना हे जास्तच खुपतं. शत्रू डोकं चालवत नाहीत, एकाच जागी उभे राहून मरतात. शेवटाकडं मारामाऱ्या लांबतात, आणि तोवर पिस्तूल इतकं तगडं झालेलं असतं की रस्त्यावर उचललेल्या दुसऱ्या बंदुका हातात धरवत नाहीत. रक्तपात चित्रपटासारखाच भडक आहे, डोकी फुटतात. घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावरच लावा. संवाद भरपूर आहेत, म्हणून सबटायटल चालू ठेवा.

मुख्य कथा साधारण १२ ते १५ तासांची आहे. बाजूची कामं केली तर आणखी वेळ लागतो आणि ती करावीतच. बाजूची कामं टाळून फक्त कथा उरकणाऱ्याला हा गेम साधारण वाटेल. घाई असेल तर घेऊ नका.

२०२५ च्या जुलैमध्ये 'अनफिनिश्ड बिझनेस' नावाचा स्वतंत्र भाग आला. तो खेळायला मूळ गेम जवळ असावा लागत नाही. ओम्नीटॉवर या एकाच प्रचंड इमारतीत मजला-मजला वर चढत लढायचं, असा त्याचा घाट आहे. मारामारी तिथं जास्त कडक आहे, आणि यंत्र होण्याआधीचा मर्फी म्हणून खेळायला मिळतं तो तुकडा फार चांगला आहे. पण मेट्रो वेस्टचं टेबल आणि रांगेत उभे असलेले तक्रारदार त्यात नाहीत. म्हणून आधी मूळ गेम घ्या. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात तो सेलमध्ये वरचेवर लागतो, प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजवरही आहे. शक्य असेल तर कंट्रोलरवर खेळा, आणि आवाज मोठा ठेवा. रोबोकॉपच्या पावलांचा तो दणका लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरमधून ऐकण्यासारखा नाही.