नादारचे कलंदर दोस्त: ऑनलाइन प्रदर्शन बघताना कुठे थांबायचं
पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ऑक्टोबर २०१८ ते फेब्रुवारी २०१९ या काळात नादार या फोटोग्राफर घराण्याच्या छायाचित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. भिंतीवरून ते कधीच उतरलं, पण त्याची ऑनलाइन आवृत्ती ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते. मजकूर फ्रेंच आहे. ब्राउझरच्या भाषांतरावर बरंचसं भागतं, पण चित्राखालची तांत्रिक ओळ मुळातूनच वाचावी. ‘पापिए साले’ म्हणजे सॉल्ट प्रिंट, मिठाचं पाणी लावलेल्या कागदावर काढलेली प्रिंट. यंत्राच्या हाती दिलं तर त्याचा ‘खारट कागद’ व्हायचा.

फेलिक्स तूर्नाशाँ ऊर्फ नादार (१८२०-१९१०), धाकटा भाऊ आद्रियाँ आणि मुलगा पॉल, अशा तिघांना इथे एकाच ताटात वाढलं आहे. खरा माल १८५४ ते १८६० मधला. तेव्हा फेलिक्सचा स्टुडिओ सां-लाझार रस्त्यावर, ११३ नंबरच्या घरात होता. मूळचा तो व्यंगचित्रकार. उठबस सगळी कवी, चित्रकार आणि उधारीवर जगणाऱ्या पत्रकारांत. बोदलेअर, नेर्वाल, गोतिए ही मंडळी त्याच्यासमोर बसली ती गिऱ्हाईक म्हणून नव्हे, दोस्त म्हणून. बाकीचे स्टुडिओ खांब, पडदे, कुंड्या मांडत असताना याच्याकडे साधी पार्श्वभूमी, गडद कोट आणि एका बाजूने येणारा नैसर्गिक उजेड. नजर आपसूक चेहऱ्यावर आणि हातांवर जाते.

बघण्याआधी तंत्र ठाऊक असलं तर दुप्पट दिसतं. हे सगळं वेट कलोडियनचं काम. स्वच्छ काचेवर कलोडियन हा चिकट द्रव ओतून सारखा पसरवायचा, काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि साधारण दहा-पंधरा मिनिटांच्या आत डेव्हलप करायची. काच वाळली की तिची संवेदनशीलता गेली. कडांना ओघळ आणि डाग दिसतात ते याच धावपळीतले. एक्स्पोजर काही सेकंदांचं, त्यामुळे मान जरा हलली तरी चेहरा पुसट. नादारचं १८५५ च्या सुमाराचं स्वतःचं पोर्ट्रेट बघा: डोकं हातावर टेकलेलं. तो विचारवंताचा आव वाटतो, पण टेकलेलं डोकं हलत नाही हेही आहेच.

दुसरी गोष्ट, कलोडियनला निळा प्रकाश चटकन दिसतो, लाल जवळपास दिसतच नाही. म्हणून निळे डोळे पांढुरके येतात. लालसर गाल, वांग, ओठ काळपट. चेहरा रापलेला दिसला म्हणून माणूस उन्हातान्हातला असेलच असं नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो पिएरोच्या, म्हणजे फ्रेंच मूकनाट्यातल्या विदूषकाच्या, मालिकेला (१८५४-५५). शार्ल देब्युरो हा मूकनट पांढऱ्याशुभ्र झग्यात. एका चित्रात तो कॅमेऱ्याशेजारी उभा राहून फोटोग्राफरचंच सोंग वठवतो. पांढरं कापड या पद्धतीत सहज जळतं, म्हणजे नुसता सपाट पांढरा ठिपका उरतो. इथे मात्र बाहीची चुणी न् चुणी शाबूत आहे. उजेड तिरपा घेतल्याशिवाय हे होत नाही. श्रेय कोणाचं? दोघा भावांचं. आद्रियाँ ‘धाकटा नादार’ अशी सही करू लागला, प्रकरण कोर्टात गेलं आणि १८५७ च्या अखेरीस नावाचा हक्क फेलिक्सला मिळाला. कोर्टाने नाव दिलं, चित्रांची वाटणी कोण करणार? नेर्वालचं पोर्ट्रेटही असंच, दोन भावांच्या मध्ये लोंबकळणारं. जानेवारी १८५५ मध्ये त्याने गळफास घेतला, त्याच्या थोडंच आधीचं. श्रेयाची ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

(त्याच १८५४ साली आपल्याकडे मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिथले जाणते छायाचित्रकार. भावाभावांचा हा योग तिथे कोर्टापर्यंत गेला नाही.)

१८६० मध्ये नादार कापुसिन बुलव्हारवरच्या ३५ नंबरच्या भपकेदार जागेत गेला. तिथलं अभिनेत्री सारा बेर्नारचं पोर्ट्रेट सोडलं तर बाकी भरभर सरकवायला हरकत नाही. धंदा वाढला, व्हिजिटिंग कार्डाएवढ्या प्रिंट निघू लागल्या आणि मालकाचं लक्ष आकाशात उडायच्या बलूनकडे.

पडद्यावरची खरी खोट आकाराची. सॉल्ट प्रिंट ही काचेच्या निगेटिव्हला कागद टेकवून, उन्हात काढलेली कॉन्टॅक्ट प्रिंट, म्हणजे जेवढी काच तेवढंच चित्र. ते स्वतःचं पोर्ट्रेट जेमतेम २० बाय १७ सेंटिमीटर आहे; कार्डावरची प्रिंट साधारण ९ बाय ६. स्क्रीनवर दोन्ही एकाच मापाची दिसतात, तेव्हा मापाची ओळ बघायचीच. पोतही हरवतो: सॉल्ट प्रिंटमध्ये चांदी कागदाच्या तंतूंत मुरलेली असते म्हणून ती मॅट, नंतरच्या अल्ब्युमेनवर अंड्याच्या पांढऱ्याचा थर, म्हणून चकाकी. कडेला पिवळट, विटलेला भाग दिसला तर बहुतेक हायपो (चित्र पक्कं करणारं रसायन) नीट धुतला गेला नव्हता.

मोठी फाइल हवी असेल तर याच ग्रंथालयाचं ‘गॅलिका’ हे डिजिटल ग्रंथालय, किंवा गेटी आणि मेट्रोपॉलिटन या संग्रहालयांची संकेतस्थळं गाठा. शेवटच्या दोन्हींकडच्या बऱ्याच नादार प्रिंट मोफत उतरवता येतात. घरी छापायची असेल तर मूळ मापातच, मॅट कागदावर. आणि फाइल ग्रेस्केल करू नका. तो जांभळट-तपकिरी रंग मूळ प्रिंटचाच आहे.