चार स्टेंट की बायपास? मधुमेह असलेल्यानं ठरवताना

अँजिओग्राफीची सीडी हातात आहे, दोन-तीन ब्लॉक निघालेत आणि डॉक्टर म्हणालेत, "दोन्ही होऊ शकतं, घरी बोलून ठरवा." अशा अवस्थेत जे आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. ब्लॉक म्हणजे काय, स्टेंट कसा बसवतात, हे तुम्हाला एव्हाना पाठ झालं असेल, ते पुन्हा सांगत बसत नाही. मी दोन्हींतून गेलोय. 2016 मध्ये एक स्टेंट, 2021 मध्ये बायपास. तासगाव तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे आणि 2003 पासून साखर आहे. मी डॉक्टर नाही, तेव्हा माझं म्हणणं एका पेशंटचं म्हणणं म्हणूनच घ्या.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. हार्ट अटॅक चालू असताना ही निवड नसतेच. 2016 च्या मार्चमध्ये माल काढणीच्या दिवसांत पहाटे माझ्या छातीत कळ आली, डावा हात जड झाला, घामानं बनियन भिजलं. पुतण्यानं गाडीत घालून मिरजेला नेलं. उजव्या बाजूची शीर पूर्ण बंद होती. मनगटातून तार घातली, स्टेंट बसला आणि कळ जी थांबली ती मला त्या टेबलावरच कळली. तिसऱ्या दिवशी घरी, आठवड्यात बागेत. त्या वेळी तोच उपाय होता आणि त्यानंच मी वाचलो. स्टेंटबद्दल पुढं जे लिहीन ते वाचताना हे विसरू नका.

त्रास सुरू झाला तो नंतर, आणि तोही छातीचा नव्हे.

स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या असतात. एक अ‍ॅस्पिरिन, दुसरी क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर. अटॅकनंतर स्टेंट बसला तर साधारण वर्षभर दोन्ही घ्याव्या लागतात. मध्येच बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन शीर एका क्षणात बंद होऊ शकते, म्हणून डॉक्टर बजावून सांगतात की कुणीही सांगितलं तरी मला विचारल्याशिवाय गोळी थांबवायची नाही. बरोबरच आहे ते. पण माझ्या उजव्या जांघेत त्याआधीपासून हर्निया होता. त्याचं ऑपरेशन हंगाम संपल्यावर एप्रिलमध्ये करायचं ठरलेलं होतं. ते राहिलं. सर्जन म्हणाले, या गोळ्यांवर मी हात लावणार नाही. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, वर्षाच्या आत गोळी थांबवणार नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि मध्ये मी हर्नियाचा पट्टा बांधून उभा.

ते वर्ष कसं गेलं ते बागायतदारालाच कळेल. द्राक्षाच्या मांडवाखाली माणूस दिवसभर मान वर आणि हात वर करून असतो. दुपारपर्यंत जांघेत लिंबाएवढी गाठ उतरायची. पट्टा सैल करायचा, पंपघराच्या खाटेवर उताणं पडायचं, गुडघे वर घ्यायचे आणि तळव्यानं हळूहळू ती आत ढकलायची. कधी दोन मिनिटांत जायची, कधी वीस मिनिटं लागायची. त्या वीस मिनिटांत एकच विचार डोक्यात असायचा. ही अडकली तर? अडकलेला हर्निया रातोरात उघडावा लागतो, आणि माझं रक्त तर मुद्दाम पातळ करून ठेवलेलं. ऑक्टोबर छाटणीत कात्रीनं डाव्या हाताचं बोट कापलं. एरवी हळद दाबली की पाच मिनिटांत काम पुढं चालू. त्या दिवशी पाऊण तास रक्त थांबलं नाही, टॉवेल लाल झाला आणि मजुरीला आलेल्या बायका काम सोडून भोवती गोळा झाल्या. हातापायांवर निळे डाग तर कायमचेच. हर्नियाचं ऑपरेशन झालं ते 2017 च्या उन्हाळ्यात.

माझा कौल कुठं झुकला हे तुम्हाला इथंच कळलं असेल. आता 2021 वर येतो.

ऑगस्टमध्ये फवारणीचा पाइप ओढताना दम लागायला लागला. अँजिओग्राफी केली. डावीकडची मोठी शीर, जिला सगळे एलएडी म्हणतात, ती सुरुवातीलाच 90 टक्के बंद. बाजूची दुसरी दोन ठिकाणी अरुंद. जुन्या स्टेंटच्या आतही पुन्हा थर धरलेला. मी टेबलावर, मनगटात नळी, आणि कानाशी प्रश्न आला, "काका, चार स्टेंट लागतील. आत्ताच टाकून घेऊ या का? पुन्हा यायला नको." बाहेर बायकोकडे सहीचा कागद गेला होता. त्या अवस्थेत माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो. मी म्हणालो, "डॉक्टर, सीडी द्या. सर्जनना दाखवतो, मग सांगतो." त्यांना राग आला नाही, हे आवर्जून सांगतो. अटॅक चालू नसेल तर टेबलावर हो म्हणू नका, एवढं माझं ऐकाच. चार दिवसांनी काही बिघडत नसेल तर चार दिवस घ्या. बिघडत असेल तर डॉक्टर तसं सांगतातच.

त्या चार दिवसांत मला जे समजलं ते माझ्या भाषेत सांगतो. स्टेंट त्या एका जागेचं काम करतो. ठिबकच्या लॅटरलमध्ये, म्हणजे वेलीला पाणी देणाऱ्या बारीक नळीत, गाळ धरला, तुम्ही तेवढा तुकडा मोकळा केला, पाणी चालू झालं. पण साखरेच्या माणसाची शीर ठिकठिकाणी गाळ धरते. आज इथं, तीन वर्षांनी दोन बोटं पुढं. बायपासमध्ये नवी वाट अडथळ्याच्या बऱ्याच पुढं नेऊन जोडतात. मागं आणखी गाळ धरला तरी पुढच्या भागाला पाणी येत राहतं. मधुमेह आणि एकाहून जास्त शिरांत ब्लॉक असलेल्या 1,900 पेशंटांची तुलना 2012 मध्ये प्रसिद्ध झाली होती. फ्रीडम नावाचा अभ्यास. पाच वर्षांत मृत्यू, अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काही ना काही झालेले स्टेंटच्या गटात 26.6 टक्के, बायपासच्या गटात 18.7. पण पक्षाघात एकटा पाहिला तर बायपासमध्ये जास्त होता, 5.2 विरुद्ध 2.4. हा दुसरा आकडाही डोळ्यांसमोर ठेवा. मी ठेवला होता आणि त्यामुळे एक रात्र झोप लागली नव्हती.

सर्जननी आणखी एक गोष्ट समजावली. त्यांना ठाऊक नव्हतं की कलमं बांधणाऱ्यासमोर बोलतोय. पायाची शीर दोन्ही टोकांनी कापून काढतात आणि नव्या जागी शिवतात. म्हणजे आपलं डॉगरिज या द्राक्षाच्या खुंटावरचं पाचर कलम, काडी मूळ वेलीपासून तुटलेली. छातीच्या आतली धमनी मात्र वरच्या बाजूला आपल्या मुळावरच ठेवतात आणि फक्त खालचं टोक सोडवून एलएडीला जोडतात. हे आंब्याचं भेट कलम झालं, काडी मूळ झाडावरच ठेवून जोडलेलं. भेट कलम जास्त धरतं हे कोकणात कुणालाही विचारा. इथंही तसंच आहे. छातीची धमनी दहा वर्षांनी दहांतल्या नऊ जणांत चालू असते, पायाच्या शिरा तोवर निम्म्याच्या आसपास बंद पडतात. म्हणून 'बायपास' एवढंच ऐकून थांबू नका, एलएडीला छातीची धमनी लावणार ना, हे विचारा. पायाच्या शिरेचा बायपास रूढ केला तो रेने फावालोरो यांनी, 1967 मध्ये क्लीव्हलंडला. त्याआधी बारा वर्षं ते अर्जेंटिनातल्या एका खेड्यात डॉक्टरकी करत होते. हे वाचून मला उगाच धीर आला.

बायपास म्हणजे जन्माची सुटका, असंही नाही. मनमोहन सिंग यांचा पहिला बायपास 1990 मध्ये ब्रिटनमध्ये झाला आणि पंतप्रधान असताना 2009 च्या जानेवारीत दिल्लीच्या एम्समध्ये दुसरा करावा लागला. तो मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडा यांच्या चमूनं केला. पण मधली एकोणीस वर्षं मोजा.

आता बायपासची किंमत. पैशांची नव्हे, शरीराची. ही बाजू कमी करून सांगणारा माणूस तुमच्या भल्याचा नाही.

छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी बांधतात. माझ्या एक्स-रेमध्ये सहा पीळ दिसतात, मांडवाच्या तारेला मारतो तसेच. ते हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर कूस बदलायची नाही, दोन-तीन किलोच्या वर उचलायचं नाही, मोटरसायकल तर तीन महिने बंद. खोकला आला की उशी छातीशी घट्ट कवटाळायची. शिंक येणार असं वाटलं तरी भीती वाटायची. तीन चेंडूंचं ते श्वास आत ओढायचं यंत्र असतं, त्यातला तिसरा चेंडू वर जायला मला अकरा दिवस लागले. आयसीयूतल्या दुसऱ्या रात्री मला छताला घड लटकलेले दिसत होते आणि मी नर्सताईंना विरळणी करायला सांगत होतो. असं पुष्कळांना होतं, एक-दोन दिवसांत जातं, पण घरच्यांना आधी सांगून ठेवा. माझी मुलगी फार घाबरली होती. शीर काढलेला पाय दोन महिने संध्याकाळी सुजायचा. डाव्या छातीवर अजून एक पट्टा बधिर आहे. आणि तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळ झाली की कारण नसताना रडू यायचं. बायको नुसती शेजारी बसून राहायची. तेही गेलं.

शिवाय ऑक्टोबर छाटणी हुकली. तीस वर्षांत पहिल्यांदा. पुतण्यानं केली आणि चांगली केली, पण खुर्चीवर बसून ती बघणं मला जड गेलं. स्टेंट घेतले असते तर मी आठव्या दिवशी मांडवाखाली असतो. ज्याच्या मागं करणारं कुणी नाही, ज्याची रोजची कमाई हातावर आहे, त्याच्यासाठी हे तीन महिने लहान गोष्ट नाही. त्यानं स्टेंट निवडले तर त्याला कुणी चूक म्हणू नये.

पैशांत म्हणाल तर स्टेंटची संख्या वाढली की फरक फार उरत नाही. 2017 च्या फेब्रुवारीत सरकारनं औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपयांवर आणली, त्यानं मोठा दिलासा मिळाला. पण चार स्टेंट, फुगे, तारा आणि हॉस्पिटलचं बिल धरलं तर माझ्या दोन्ही अंदाजपत्रकांत मोठं अंतर नव्हतं. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत दोन्ही बसतात, हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला आधीच भेटा.

कुणी स्टेंटकडेच जावं, हेही मला स्पष्ट दिसतं. माझ्या मावसभावाला साखर नाही, एकाच शिरेत मध्यावर ब्लॉक होता. एक स्टेंट टाकला, दहा दिवसांत तो ऊसतोडीच्या फडात. त्याला बायपास सुचवणं वेडेपणा झाला असता. फार वय झालेलं, फुप्फुसं कमजोर, आधी पक्षाघात होऊन गेलेला, अशांनाही मी बायपासचा आग्रह धरणार नाही. पण साखर असेल, तीन शिरांत ब्लॉक असतील, त्यात एलएडी सुरुवातीलाच बंद असेल आणि शरीर ऑपरेशन सोसण्याजोगं असेल, तर मी माझ्या सख्ख्या भावाला बायपासच सांगेन.

गोळ्यांचं मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. बायपासनंतरही अ‍ॅस्पिरिन जन्मभर आहे, आणि मला क्लोपिडोग्रेलही काही महिने दिली होती. फरक इतकाच की ती थांबवायची वेळ आली तेव्हा कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही. 2021 मध्ये अँजिओग्राफीच्या आधीच लघवीच्या डॉक्टरांनी प्रोस्टेटचं ऑपरेशन लागेल असं सांगितलं होतं. चार स्टेंट घेतले असते तर पुन्हा तीच मधली जागा, फक्त हर्नियाच्या पट्ट्याऐवजी लघवीची पिशवी. मला ते दुसऱ्यांदा नको होतं, आणि खरं सांगायचं तर आकड्यांपेक्षा याच गोष्टीनं माझं ठरलं. बायपासनंतर सातव्या महिन्यात हृदयाच्या डॉक्टरांनी क्लोपिडोग्रेल आठवडाभर आधी थांबवली, प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, चौथ्या दिवशी मी घरी होतो.

तेव्हा डॉक्टरांना भेटायला जाताना सीडी, टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि साखरेचे मागचे रिपोर्ट घ्याच. पण एका कागदावर पुढच्या दोन वर्षांत शरीरात आणखी काय उघडावं लागेल तेही लिहून न्या. हर्निया असेल, पित्ताशयातले खडे असतील, प्रोस्टेट असेल, गुडघा असेल. हृदयाच्या डॉक्टरांपुढे आणि सर्जनपुढे, दोघांपुढे तो कागद ठेवा. स्वतःहून ते कुणी विचारेल याची वाट बघू नका. मला 2021 मध्येसुद्धा कुणी विचारलं नव्हतं, मीच काढून दाखवला.