संगतीतून उठून एकट्यानं गायचं तर: पेटी की खंजेरी?

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन-पेटीवर हंगामामागून हंगाम काढलेला माणूस स्वतःची गाणी स्वतःच गायची म्हणतो, तेव्हा गाणी वहीत तयारच असतात. अडतं ते एकाच ठिकाणी: हातात काय धरायचं? तबलेवाला, ऑक्टोपॅडवाला, सगळं मंडळ मागं ठेवून एकट्यानं उभं राहायचं असतं. माझ्यापुढं खरे पर्याय दोनच होते, पेटी आणि खंजेरी. दोन्ही घेऊन भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडच्या गावांत गायलो आहे. जे लिहितो ते माझ्या कानाचं आणि गळ्याचं मोजमाप समजा. तुमचा गळा वेगळा असेल तर हिशेबही वेगळा निघेल.

गिटारचं आधी उरकतो, कारण नवीन पोरं तेच विचारतात. वाईट काही नाही. कॉर्डवर चाल बांधायची सवय असेल तर घ्या बिनधास्त. पण मे महिन्यात चंद्रपूरकडं पारा पंचेचाळीसच्या वर गेला की मंडपात लावलेल्या तारा बाहेरच्या झळीत उतरतात, आणि तार तुटली तर तालुक्याच्या दुकानात नेमकी तीच मिळेल याची खात्री नाही. माझी बोटं पट्ट्यांवर घडलेली, तारांवर नव्यानं घडवायचं वय राहिलं नव्हतं. म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

पेटीची बाजू भक्कम आहे. सूर तयार मिळतो. जानेवारीच्या रात्री दव पडतं, गळा बसतो, वरचा सा लागतो की नाही याची धाकधूक असते. तेव्हा पेटी ओळ सांभाळून नेते. दोन कडव्यांच्या मध्ये आठ मात्रांचा तुकडा वाजवला की श्वास मिळतो आणि पुढची ओळ आठवायला सवडही. दोन तास एकट्यानं रेटायचे तर हे फार कामाचं आहे. सा म्हणून धरलेली काळी दोन पट्टी गळ्याला जड जात असेल तर चार घरं सरकून पाहा, कोणाला विचारायची गरज नाही. आणि समोर पेटी दिसली की गावातली जुनी माणसं पुढं सरकून बसतात, हाही अनुभव आहे.

पेटीचे त्रास तुम्हाला ठाऊक आहेतच. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, उन्हाळ्यात धुळीचा कण जाऊन बसतो आणि नेमका पंचम मुका होतो. धानाच्या कोठीजवळ ठेवली तर उंदीर भाता सोडत नाहीत. स्केल चेंजर पेटी मोटारसायकलच्या मागं बांधून गिट्टीच्या रस्त्यानं न्यायचं म्हणजे मुक्कामी पोचल्यावर आधी पेटी उघडायची, गाणं नंतर. पण यातल्या एकाही कारणानं मी पेटी सोडली नसती.

मला खुपलं ते वेगळंच. माझा हात माझ्याच गळ्याच्या मागं धावायला लागला.

संगत करणाऱ्याला हे लगेच कळेल. आपली विद्याच ती आहे. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू झाल्या की होळीपर्यंत रात्र-रात्र नाटकं. आपण रंगमंचापुढं बसतो, पब्लिककडं पाठ, डोळे नटाच्या ओठांवर. नट सूर सोडतो, मध्येच चढून गातो, एक ओळ खाऊन थेट पुढच्या कडव्यावर येतो. आणि आपण अर्ध्या मात्रेच्या आत त्याला गाठतो. नाटक कंपन्यांचं गाव असलेल्या वडशात एखाद्या कंपनीच्या बोर्डावर ऑर्गनवाल्याचं नाव लागतं ते याच गुणाच्या जोरावर. कान दुसऱ्याच्या गळ्याला लावून ठेवायचा, बोटं आपोआप जातात.

आता गळा आपला आणि कानही आपला. कानाला मात्र ते ठाऊक नाही. तो जुन्या सवयीनं गळ्याची वाट पाहतो, बोट कानाची वाट पाहतं, आणि गळ्याला इतक्या वर्षांनी बोटाचा आधार लागतो, म्हणून तो बोटाची वाट पाहतो. गाणं जागच्या जागी ओढलं जातं. बाहेरच्याला फरक फार कळणार नाही. 'चांगलं झालं' असंच म्हणतील. आतून मात्र सारखं वाटतं की गायक कोणी दुसरा आहे आणि आपण त्याला सांभाळतो आहोत.

दुसरी गोष्ट चालींची. इतके हंगाम वाजवलेली नाट्यपदं, गौळणी, सिनेमाची गाणी बोटांत मुरलेली असतात. पेटीवर बसून नवी चाल शोधायला गेलो की तिसऱ्या ओळीला बोटं ओळखीच्या वळणावर उतरतातच. माझी एक ओळ आहे, 'बांधीत पाणी नाई, आता का करू गा.' बांधी म्हणजे धानाचं वावर, आणि 'गा' म्हणजे 'रे'. आमच्याकडं हे वाक्य बोलताना शेवटचा 'गा' सरळ बसत नाही. तो खाली घसरतो, गंधार आणि रिषभ यांच्या मधल्या कुठल्यातरी जागी जाऊन विरतो. त्या घसरण्यातच त्या शेतकऱ्याचा सगळा वैताग आहे. पेटीवर त्या 'गा'ला एक पट्टी द्यावी लागते. गंधार दिला तर तो तक्रार करतो, रिषभ दिला तर मुकाट्यानं ऐकून घेतो. आणि माझा माणूस या दोन्हींतलं काहीच करत नसतो.

आकाशवाणीनं 1940 मध्ये पेटीला दार बंद केलं होतं ते साधारण याच कारणानं: मींड नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, श्रुती नाहीत, म्हणजे सुरांमधल्या बारीक जागा मिळत नाहीत, सूर ठोकळ्यासारखे. ते दार पुन्हा उघडायला सुरुवात झाली ती 1971 मध्ये. संगत करत होतो तोवर मला ही पंडितांची कुरकुर वाटायची, आणि त्या भूमिकेतून पाहिलं तर ती कुरकुरच होती. मींड गायकाच्या गळ्यात असायची, मी फक्त तिची दोन टोकं दाखवायचो, मधली जागा तो भरायचा. स्वतः गायला लागल्यावर कळलं की माझा गळा मधली जागा भरत नाही, बोटानं दाखवलेल्या टोकांवर पाय ठेवत चालतो.

कोणी म्हणेल, पेटीवर नुसता सा-प धरून ठेवा, चाल वाजवूच नका. करून पाहिलं. पहिलं कडवं नीट जातं. तिसऱ्या कडव्याला गाण्यात रंगलो की बोटं सुटतातच, आणि ती सुटली हे मला ध्रुवपदाला परत येईपर्यंत कळत नाही. ज्यांचा हात इतका सवयीचा झालेला नाही त्यांना हा त्रास कदाचित होणारही नाही. पण तुम्ही संगतीतून येत असाल तर होईल असं मला वाटतं.

आता खंजेरी. तिला पेटीसारखा सूर नाही, म्हणून ती गळ्याला काही सांगत नाही. ती फक्त विचारते, पुढचा शब्द कधी? हाताची सवय सुरावरून शब्दावर आली. 'बांधीत'च्या 'बां'वर थाप, 'पाणी'वर नुसता झांजांचा झुळका, 'गा'वर हात रिकामा. आणि तो रिकामा हातच त्या घसरणीला जागा देतो. चालीही वेगळ्या सुचायला लागल्या. पेटीवर बसून सुचायच्या त्या बैठकीतल्या असायच्या, आता बांधाबांधानं चालता चालता सुचतात.

तक्रारी आहेत, आणि त्या लहान नाहीत. सुराला आधार नसतो, त्यामुळं लांब गाण्यात शेवटी अर्ध्या सुरानं उतरलेलो असतो. त्यावर उपाय म्हणजे मोबाईलवरचा तानपुरा आणि एक छोटा स्पीकर. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन ध्रुवपदात साळ्याचा फोन वाजतो. दुसरं, पब्लिकनं ताल धरला की लय चढते. टाळ्या पुढं पळतात आणि तुम्ही त्यांच्यामागं. संगतीतली माणसं इथंही मागं धावतात हे कबूल, पण लय आवरणं सुराची सवय मोडण्यापेक्षा मला सोपं गेलं. दोन ओळी थाप पूर्ण बंद करून नुसतं गायलं की पब्लिक थांबतं. तिसरं, झांजा. गाण्याच्याच माईकपुढं खंजेरी धरली तर त्यांचा किरकिराट शब्द खाऊन टाकतो. ती कमरेच्या खाली धरा आणि अर्ध्या झांजांवर आतून चिकटपट्टी लावा. मंडपवाल्याला एको बंद करायला सांगा. नाटकाच्या सवयीनं तो एको पूर्ण चढवून ठेवतो, आणि एकोत प्रत्येक थाप दोनदा पडते. हे त्याला पटवायला वेळ लागतो. कार्यक्रमाच्या आधी चहा पाजून सांगितलेलं बरं.

कातडी घ्यावी की फायबर, हेही बरेच जण विचारतात. आवाज कातडीचा गोड, यात वाद नाही. पण दवात ती ढिली पडते, शेकोटीवर शेकून आणली की चार गाण्यांत पुन्हा ढिली, आणि जास्त शेकली तर फाटते. हिवाळ्यात उघड्यावर गाणार असाल तर फायबर घ्या.

एक अडचण मात्र वाद्याची नाही, आपल्या मुलखाची आहे. इथं खंजेरी म्हटलं की भजन. 1909 मध्ये यावलीत जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी खंजेरीवर गात गावंच्या गावं जागी केली. गुरुकुंज मोझरीचा तो वारसा आजही गावोगावच्या भजन मंडळांत आणि खंजेरी भजन स्पर्धांत चालू आहे. अकोल्याकडचे सत्यपाल महाराज तर सात खंजेऱ्या एकदम वाजवत प्रबोधन करतात. त्यामुळं तुम्ही खंजेरी काढली की आयोजक हार-नारळ घेऊन येतो, पहिल्या रांगेतल्या आजीबाई हात जोडतात, आणि तुम्ही गायला लागता ते कर्जाचं, पाटाच्या पाण्याचं, नाहीतर बायको माहेरी गेल्याचं गाणं. पहिली पाच मिनिटं अवघड जातात. प्रेमाच्या गाण्याला तर काही ठिकाणी लोक चक्क अवघडून बसतात. पण त्याच सवयीचा फायदाही आहे. खंजेरीवर काहीतरी सांगितलं जाणार आहे हे इथल्या माणसाला ठाऊक असतं, म्हणून तो शब्द ऐकायच्या तयारीनं बसतो. पेटीपुढं बसलेला माणूस आधी सूर ऐकतो, मग जमलं तर शब्द. गाणं तुम्ही स्वतः लिहिलेलं असेल तर हा फरक मोठा आहे.

तेव्हा कोणी काय घ्यावं? तुमच्या चाली रागाच्या अंगानं जात असतील, गझल गायची असेल, मुरक्यांवर गाणं उभं असेल, तर पेटी सोडू नका; खंजेरीवर ते उघडं पडेल. मूळचे तबलेवाले, ढोलकीवाले असाल तरी पेटी शिकून घेणं कदाचित फायद्याचं, कारण तुमच्या बोटांना पट्ट्यांवर कोणाच्या मागं धावायची सवयच नाही. पण पेटी-ऑर्गनवरच आयुष्य गेलं असेल आणि गाणी आपल्या बोलीतली असतील, तर निदान एक हंगाम खंजेरीवर काढून पाहा, असं मी सुचवीन. पेटी विकायची गरज नाही. माझी घरीच आहे. चाल बांधून झाली की सा कुठं धरला होता ते पाहायला तिच्यावर एकदा बोट ठेवतो, आणि झाकण लावतो.

बिदागीचं मात्र आधी ठरवा. पेटी-तबला घेऊन गेलात तर आयोजक वाद्यं मोजतो आणि त्या हिशेबानं पैसे देतो. पिशवीतून एक खंजेरी निघाली की त्याला वाटतं, हा एकटाच आहे, एवढ्यात भागेल. 'सोबत कोण कोण आहे गा?' हा प्रश्न तो फोनवर विचारायच्या आत आकडा सांगून मोकळे व्हा, आणि अर्धे आगाऊ घ्या.