मुंबईहून आलेलं हेड

बाबांनी 1994 साली कापसाच्या चुकाऱ्यातून घेतलेला कॅसेट डेक आमच्या घरी अजून आहे. त्याला दोन माइक लागतात. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गावात भजन असलं की बाबा एक माइक खंजेरीवाल्यापुढे ठेवायचे, दुसरा पेटीजवळ. त्यामुळे त्या कॅसेटा लावल्या की खंजेरी डाव्या स्पीकरमधून यायची आणि पेटी उजव्या.

यंदा सोयाबीन निघाल्यावर डेक लावला, तर आवाज लहरायला लागला. भजन मधेच रडकं व्हायचं. एक कॅसेट तर त्यानं खाल्लीच. पेन्सिल घालून रीळ गुंडाळलं आणि बाजाराच्या दिवशी डेक तालुक्याला नेला. दुकान जुनं, माणूस गोड बोलणारा. झाकण उघडून दोन मिनिटांत म्हणे, "भाऊ, हेड घासलं हेचं. मोटरबी गेली. मुंबईहून मागवा लागते." हेड म्हणजे रिळावरचा आवाज वाचणारा तुकडा. 2,600 सांगितले, हजार आगाऊ घेतले. पाच आठवडे फेऱ्या मारल्या. जुने पार्ट मागितले तर हसला, "काय करता त्या भंगाराचं?" मलाही पटलं. झाली ना चूक!

घरी आठ दिवस झकास चालला, मग पुन्हा तेच रडगाणं. आई उजव्या स्पीकरजवळ गहू निवडत बसली होती. म्हणाली, "खंजेरी इकूनबी काऊन येऊन राह्यली रे?" तोवर माझ्या ध्यानातच नव्हतं.

भाचा आयटीआय करतो, त्यानं डेक उघडला. बेल्ट तोच जुना, नुसता पाण्यात उकळलेला असावा. उकळला की रबर जरा आवळतं आणि थोडे दिवस काम निभतं. रबरी रोलरला पॉलिश पेपर मारलेला, तीही तात्पुरतीच पकड. मोटरवर तीस वर्षांची धूळ जशीच्या तशी. हेड मात्र खरंच बदललेलं होतं. स्टिरिओ हेडच्या पाठीला चार टोकं असतात, डाव्या-उजव्याची दोन-दोन. आमच्या हेडला दोनच! कुठल्या तरी मोडक्या टू-इन-वनमधलं मोनो हेड बसवून दोन्हीकडच्या वायरी त्यालाच डकवल्या होत्या. मोनो हेड डावं-उजवं एकत्र वाचतं, कॅसेट वाजते, गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. आमचं चांगलं हेड कोणाच्या डेकमध्ये वाजत असेल, देव जाणे.

मूळ बिघाड होता सैल बेल्टचा, आणि हेडवर साचलेल्या तपकिरी मळाचा. रीळ सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकतं आणि जाताना भुगा सोडतं. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड आणि शेजारची फिरती लोखंडी दांडी पुसायची, एवढंच काम. रबराला मात्र थिनर-पेट्रोल लावू नका, ते चिरतं.

डेक दुकानात द्यायचाच असेल तर आधी झाकण काढून मोबाइलवर फोटो घ्या, हेडची पाठ दिसली पाहिजे. हेडच्या बाजूच्या स्क्रूवर बहुतेक वेळा रंगाचा ठिपका असतो, तोही फोटोत येऊ द्या. तो तुटला तर स्क्रूला हात लागला म्हणून समजा. जुने पार्ट परत हवेत, हे भाव ठरवतानाच बोलून घ्या. पैसे देण्याआधी आपल्या ओळखीची कॅसेट तिथंच लावून ऐका, दोन्ही स्पीकरवर.

मी भांडायला गेलो तर म्हणे, "पावती हाय का?" नव्हती. नवा बेल्ट ऑनलाइन 150 रुपयांत आला, भाच्यानं बसवला. आवाज आता लहरत नाही. स्टिरिओ हेड शोधतोय. तोवर आई गहू निवडायला डावीकडे बसते.