टर्निंगच्या कामासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर: सहा महिन्यांचा अनुभव

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत आमचे लहानसे टर्निंगचे, म्हणजे लेथवर धातू फिरवून कापण्याचे, वर्कशॉप आहे. तापलेल्या जॉबला (लेथवर कापल्या जाणाऱ्या भागाला) हात न लावता तापमान कळावे म्हणून सहा महिन्यांपूर्वी पिस्तुलाच्या आकाराचे इन्फ्रारेड थर्मामीटर घेतले. उपकरण वाईट नाही. परंतु विक्रेत्याने ज्या कामासाठी म्हणून ते दिले, नेमके त्याच कामात ते फसवते.

पहिल्याच आठवड्यात 80 मिलिमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट टर्न करून मशीन थांबवले आणि ताज्या, चकचकीत पृष्ठभागावर ते रोखले, तर आकडा आला 43 अंश. तिथेच के-टाइप थर्मोकपलचा, म्हणजे टेकवून तापमान मोजणाऱ्या संवेदकाचा, प्रोब टेकवला, त्याने 72 दाखवले. चकचकीत धातूची उत्सर्जकता, म्हणजे स्वतःच्या उष्णतेचे किरण बाहेर टाकण्याची क्षमता, फार कमी असते. उपकरण मात्र ती 0.95, म्हणजे जवळजवळ पूर्ण, धरून चालते आणि धातूवरून परावर्तित झालेली भोवतालची उष्णताच अधिक मोजते. त्याच जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून, तो तापू देऊन पुन्हा मोजले, तेव्हा 70 आले. 34 अंशांच्या शॉपमध्ये हा शाफ्ट निवताना व्यासात सुमारे 35 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) आकसतो. 43 खरे मानले असते, तर आम्ही आकसण्यासाठी जेमतेम आठ मायक्रॉनची सूट ठेवली असती आणि बेअरिंगची बैठक ढिली होऊन जॉब बाद झाला असता.

टूल चालू असताना तर मोजमापाला अर्थच राहत नाही. अंतर आणि ठिपक्याचे प्रमाण 12:1 असल्याने 30 सेंटिमीटरवरून अडीच सेंटिमीटरचे वर्तुळ मोजले जाते; त्यात इन्सर्ट (टूलचे कापणारे टोक), जॉब आणि कापण्याची बहुतेक उष्णता घेऊन निघणारी निळी पडलेली चिप (कापून निघणारा धातूचा कीस), सगळ्यांची सरमिसळ होते. कूलंट (थंड करणारा द्रव) चालू असेल तर त्याच्या थराचेच तापमान दिसते. लेसरचा लाल ठिपका केवळ नेम दाखवतो, मोजतो काहीच नाही, हे आमच्या ऑपरेटरांना मला वारंवार सांगावे लागले.

रंग दिलेला गिअरबॉक्स, मोटरचे आवरण, हेडस्टॉकच्या (लेथच्या जॉब फिरवणाऱ्या भागाच्या) बेअरिंगची बाजू येथे मात्र ते उत्तम चालते. एकदा वाढत्या तापमानावरून बेअरिंगमधील ग्रीस संपल्याचे आम्हाला वेळेवर कळले. घ्यायचेच असेल, तर उत्सर्जकता बदलता येणारेच घ्यावे आणि सोबत साधा थर्मोकपल मीटर ठेवावा. टर्न केलेल्या जॉबचे माप घेण्याआधी मी आजही प्रोबच टेकवतो.