लाल बोहेमियन पेला: मुलाम्याचा घ्यावा की दुहेरी काचेचा?

आजच्या चेकियातील बोहेमिया प्रांतात घडलेले लाल-पारदर्शक पेले विक्रीला येतात तेव्हा ते बहुधा ‘बोहेमियन रूबी’ या एकाच नावाखाली मांडलेले असतात. परंतु त्यांत दोन निरनिराळ्या कृतींचा माल मिसळलेला असतो, आणि काळ ठरवण्याच्या खुणाही दोहोंच्या वेगळ्या आहेत.

मुलाम्याच्या पेल्यात मूळ काच पारदर्शकच असते. तिच्यावर तांब्याच्या संयुगाचा लेप देऊन ती भट्टीत भाजली की लाल रंग पृष्ठभागात मुरतो, आणि नंतर चाकावर कोरीवकाम केले की खालची स्वच्छ काच उघडी पडते. फ्रीड्रिख एगरमान याने ही कृती आजच्या नोव्ही बोरच्या परिसरात १८३२च्या सुमारास सिद्ध केली, त्यामुळे असा कोणताही पेला त्याहून जुना असल्याचा दावा सरळ नाकारावा. दुहेरी काचेच्या पेल्यात मात्र तापलेल्या पारदर्शक काचेवर रंगीत काचेचा स्वतंत्र थर चढवलेला असतो, आणि पेला थंड झाल्यावर पैलू पाडून तो थर जागोजागी काढून टाकतात. हाताळणीत तो अधिक टिकाऊ ठरतो, तर मुलामा ओरखड्याने सहज जातो.

दोहोंतला फरक भिंगाने पैलूच्या कडेकडे पाहिल्यास कळतो. रंगाला जाडी असून तो तिरक्या पट्टीसारखा दिसत असेल तर काच दुहेरी आहे. रंग एकदम, पायरीवाचून संपत असेल तर तो मुलामा आहे.

कृतीवरून कळते ते फक्त इतकेच की पेला जास्तीत जास्त किती जुना असू शकेल. खरा प्रश्न असतो तो पेला किती उशिराचा आहे हा, कारण हरिण, किल्ला आणि द्राक्षवेल कोरलेले लाल पेले विसाव्या शतकातही निर्यातीसाठी मुबलक घडत होते. (हरिण दिसले की मी तरी आधी संशयच घेतो.) इथे मुलाम्याच्या पेल्यांना एक मोठा फायदा आहे: त्यांतले बरेचसे कार्ल्सबाड (आजचे कार्लोवी व्हारी) किंवा मारिएनबाड (आजचे मारियान्स्के लाझ्न्ये) येथे औषधी झऱ्यांच्या पाण्यासाठी येणाऱ्यांनी आठवण म्हणून विकत घेतलेले असल्याने त्यांवर गावातल्या इमारती कोरलेल्या असतात, आणि इमारतींना तारखा असतात. कार्ल्सबाडच्या म्यूलब्रुन झऱ्यावरील दगडी स्तंभशाळा (खांबांच्या रांगांची छायावाट) १८७१ ते १८८१ या काळात उभी राहिली आणि मारिएनबाडची लोखंडी स्तंभशाळा १८८९ची. त्या दिसत असतील तर ‘१८४० चा बीडरमायर (एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मध्य युरोपीय शैलीचा) पेला’ हे वर्णन तिथेच निकालात निघते. दुहेरी काचेवर बहुतेक वेळा केवळ पैलू आणि सोनेरी नक्षी असल्यामुळे असा पुरावा क्वचितच मिळतो.

कारखान्याच्या वा देशाच्या शिक्क्यांवर फार विसंबू नये. जुने पेले बहुतांशी बिनशिक्क्याचेच असतात. अमेरिकेत आयात मालावर देशाचे नाव घालणे १८९१ पासून सक्तीचे झाले, आणि ‘चेकोस्लोवाकिया’ असा शिक्का १९१८ नंतरच येऊ शकतो. तळाची झीज अधिक बोलकी असते: वर्षानुवर्षे सरकवलेल्या पेल्याच्या तळाला बारीक ओरखडे सर्व दिशांना आणि कमी-अधिक खोल असतात, तर पॉलिश पेपरने घासलेल्या तळावर ते एकाच दिशेने, एकसारखे दिसतात. काच घडवताना धरलेल्या सळईचा व्रण घासून गुळगुळीत केलेला तळाचा खळगा मात्र वयाचा पुरावा नव्हे, कारण ती पद्धत पुढेही चालू राहिली.

माझे मत स्पष्ट आहे: पेला रोजच्या वापरात येणार असेल किंवा कपाटात केवळ रंगासाठी ठेवायचा असेल तर दुहेरी काच घ्यावी, काळ खात्रीने सांगता येईल असा नग हवा असेल तर स्थळचित्र कोरलेला मुलाम्याचाच पेला निवडावा, त्याचा लाल रंग तळाशी थोडा विटलेला असला तरी. पैसे देण्यापूर्वी काठावरून बोट मात्र फिरवावे, कारण टवका उडालेला काठ घासून उंची कमी केलेली असल्यास मुलाम्याच्या पेल्यावर काठाशी पारदर्शक पट्टा उघडा पडतो, आणि तो झाकण्यासाठी वर नवे सोनेरी पाणी दिलेले असू शकते.