हिंदी माध्यमातल्या मुलांसाठी इंग्रजी शब्दसंग्रह: यादी, कार्ड, कोश की वाचन?

बारावीपर्यंत सगळं शिक्षण हिंदीत झालेलं, हाताशी रोजचा एक तास, आणि समोर केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी एसएससी (स्टाफ सिलेक्शन कमिशन) घेते ती सीजीएल परीक्षा किंवा इंग्रजी बोलावं लागेल अशी नोकरी. या एका तासात शब्द वाढवायचे कसे? इंदूरला भंवरकुआँ या क्लासेसच्या परिसरात शिकवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न ऐकावा लागतो. आम्ही इंदुरातल्या मराठी घरांतून शिकवण्या घेणारे असू, किंवा नागपुरात आणि मुंबई महापालिकेच्या हिंदी शाळांत शिकवणारे तुम्ही असा, उत्तर शोधावं लागतंच. इथे मी चार मार्ग समोरासमोर ठेवते. माझा कौल आधीच सांगते: इंग्रजीतले नेहमीचे २,००० शब्द पक्के आहेत की नाहीत, यावर पुढचं सगळं ठरतं. मुलाचं वय, पदवी किंवा क्लासची फी यावर नाही.

ही दोन हजारांची कल्पना आपल्याच उपखंडात वाढली. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ अविभाजित बंगालमध्ये, ढाक्याला काम करत होते. तिथल्या मुलांना इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचता येण्याची गरज जास्त आहे, हे ओळखून त्यांनी मोजक्या शब्दांत लिहिलेली वाचनमाला तयार केली. पुढे १९५३ मध्ये त्यांची सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. २०१३ मध्ये तिची नवी आवृत्ती म्हणावी अशी सुमारे २,८०० शब्दांची 'न्यू जनरल सर्व्हिस लिस्ट' ही यादी आली. साधारण इंग्रजी मजकुरातले नव्वद टक्क्यांहून जास्त शब्द तिच्यात सापडतात. ती नेटवर फुकट मिळते. तिच्यातले कुठलेही ५० शब्द निवडा आणि मुलाला अर्थ न विचारता प्रत्येकाचं एक वाक्य करायला सांगा. अर्थ बहुतेकांना येतात. वाक्य करताना खरी पातळी कळते.

क्लासची यादी की स्वतःची कार्डं

क्लासमध्ये मिळणारी पीडीएफ यादी वाईट नसते. सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे असतात, दुसऱ्या टप्प्यात ४५. समानार्थी, विरुद्धार्थी आणि वन वर्ड सबस्टिट्यूशनच्या (शब्दसमूहासाठी एक शब्द) प्रश्नांत जुन्या प्रश्नपत्रिकांमधले शब्द पुन्हा पुन्हा येतात. परीक्षा तीन महिन्यांवर असेल तर त्या शब्दांची यादी हवीच, तिथे मी तत्त्वाचा आग्रह धरणार नाही.

पण बहुतेक याद्या अकारविल्हे असतात. 'अबेस', 'अबॅश', 'अबेट' एकाखाली एक पाठ केले की दुसऱ्या दिवशी कुणाचा अर्थ कोणता, हेच कळेनासं होतं. दिसायला किंवा अर्थाला सारखे शब्द एकाच दिवशी शिकू नयेत, हा नियम यादी पहिल्याच पानावर मोडते. शिवाय यादी फक्त वाचली जाते. मूल पान उलटतं, शब्द ओळखीचा वाटतो, आणि तो येतो असं त्याला वाटू लागतं.

कार्डाचं बळ नेमकं इथे आहे. कार्ड उलटण्याआधी उत्तर आठवावं लागतं. २००८ मध्ये कार्पिक आणि रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना स्वाहिली या आफ्रिकी भाषेतला शब्द आणि त्याचा इंग्रजी अर्थ अशा ४० जोड्या शिकवल्या. शब्द एकदा आठवल्यावर ज्यांची त्यावरची चाचणी बंद झाली, त्यांना आठवड्याने जेमतेम तिसरा हिस्सा आठवला. ज्यांची चाचणी चालू राहिली, त्यांना सुमारे ८० टक्के. नुसती उजळणी वाढवून हा फरक भरून निघाला नाही.

अशी कार्डं विचारणारं अँकी हे अॅप संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं. मोबाइल हातात आला की मूल दुसरीकडे भरकटत असेल तर कागदाची कार्डं आणि तीन खोकी पुरतात: रोजचं, तीन दिवसांचं, आठवड्याचं. आठवलं तर कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं तर पहिल्या. मात्र तयार कार्डांचे संच घेऊ नका. पुढच्या बाजूला मुलाने स्वतः वाचलेलं, एक जागा रिकामी ठेवलेलं वाक्य, मागे शब्द आणि त्याचा हिंदी अर्थ, एवढंच असावं. दिवसाला दहा नवी कार्डं खूप झाली.

इंग्रजी-हिंदी कोश की इंग्रजी-इंग्रजी

या मुद्द्यावर शिक्षकांत सर्वांत जास्त वाद होतात, आणि मुलांचं सर्वांत जास्त नुकसानही इथेच होतं. 'हिंदी अजिबात नको, इंग्रजीतूनच अर्थ बघा' असं पहिल्या दिवशी सांगणारा शिक्षक मुलाच्या हातात असलेलं एकमेव भांडवल काढून घेतो.

फादर कामिल बुल्के बेल्जियमचे. ते १९३५ मध्ये भारतात आले, रांचीत हिंदी शिकवत राहिले, आणि १९६८ मध्ये त्यांचा इंग्रजी-हिंदी कोश निघाला. त्यात अर्थाबरोबर उच्चारही देवनागरीत दिले आहेत. हिंदी माध्यमाच्या मुलाला उच्चारचिन्हं वाचता येत नाहीत, आणि ज्याचा उच्चार येत नाही तो शब्द तो वर्गात कधीच वापरत नाही. सुरुवातीच्या मुलाला माझी शिफारस याच कोशाची.

त्याची मर्यादाही खरी आहे. हिंदीतल्या एका 'देखना'साठी इंग्रजीत 'सी', 'लुक' आणि 'वॉच' वेगवेगळे चालतात. 'बोलना'चं तसंच. त्यातूनच 'उसने मुझे बोला'चं 'ही सेड मी' होतं. इंग्रजी-हिंदी कोश अर्थ देतो, पण शब्द कुणासोबत बसतो ते फारसं सांगत नाही. शिकणाऱ्यांसाठीचे इंग्रजी-इंग्रजी कोश नेमकं तेच सांगतात. लाँगमनच्या १९७८ च्या कोशातल्या व्याख्या सुमारे २,००० सोप्या शब्दांत बांधलेल्या आहेत. १९८७ चा कोबिल्ड कोश तर पूर्ण वाक्यातच अर्थ सांगतो, त्यामुळे शब्दाची जागा आपोआप दिसते.

म्हणजे व्याख्या लिहिल्या आहेत त्या साधारण याच नेहमीच्या शब्दांत. ते येत नसतील तर इंग्रजी-इंग्रजी कोशात एक शब्द बघताना आणखी तीन शब्द बघावे लागतात. म्हणून दोन हजार पक्के होईपर्यंत बुल्के, नंतर लाँगमन किंवा कोबिल्ड. दोन्ही जवळ असले तर उत्तमच, फक्त आधी कोणता उघडायचा हे मुलाच्या पातळीवर ठरवा.

वृत्तपत्र की सोपं वाचन

'रोज द हिंदूचा अग्रलेख वाच' हा सल्ला प्रत्येक मुलाला मिळतो. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार वृत्तपत्रातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असण्यासाठी ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं) लागतात. दोन हजार शब्दांचा मुलगा अग्रलेख उघडतो तेव्हा जवळपास दर पाचव्या-सहाव्या शब्दाला अडतो. मग वहीत तीस शब्द उतरतात, शेजारी तीस अर्थ, आणि ती वही पुन्हा उघडली जात नाही. आठ दिवसांत त्याला वाटू लागतं की इंग्रजी आपल्या नशिबातच नाही. हे मी चांगल्या, कष्टाळू मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे, आणि दोष वाचनसाहित्याच्या निवडीचा असतो.

साधी परीक्षा करा. पानावरचे १०० शब्द मोजा. पाचांहून जास्त अनोळखी असतील तर ते पान आज त्याच्यासाठी नाही. प्रकाशकांच्या पातळीवार वाचनमाला महाग वाटल्या तर एनसीईआरटीची सहावी ते आठवीची इंग्रजी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. वीस वर्षांच्या मुलाला सहावीचं पुस्तक हातात घ्यायला संकोच वाटतो. त्याला शांतपणे सांगा की महिन्याभरात तो तीन पुस्तकं संपवणार आहे, आणि ती संपवूनच घ्या. अग्रलेख वर्षाच्या शेवटी येऊ द्या.

धातूंवरून, म्हणजे शब्दाच्या मूळ भागावरून, शब्द शिकण्याबद्दल थोडंच सांगते. हिंदी माध्यमाची मुलं शाळेत उपसर्ग-प्रत्यय शिकलेली असतात, त्यामुळे त्यांना ही पद्धत पटकन कळते आणि आवडते. वन वर्ड सबस्टिट्यूशनला तिचा उपयोगही होतो. पण तिच्यातून मिळणारे शब्द बहुतेक दुर्मीळ असतात, म्हणून तिला रविवारचा अर्धा तास पुरे.

आता निवड. परीक्षा तीन महिन्यांवर असेल तर एका तासातली चाळीस मिनिटं जुन्या प्रश्नपत्रिकांतल्या शब्दांच्या कार्डांना आणि वीस मिनिटं सोप्या वाचनाला द्या. वर्ष हाताशी असेल तर उलट करा: चाळीस मिनिटं वाचन, वीस मिनिटं त्यातूनच काढलेली कार्डं, पीडीएफ यादी शेवटच्या तीन महिन्यांत. नोकरीसाठी बोलायचं असेल तर यादी अजिबात नको. कार्डावरचं प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणायचं, मग त्यातला एक शब्द बदलून स्वतःचं वाक्य करायचं, आणि ते वाक्य त्याच दिवशी कुणाशी तरी बोलून दाखवायचं.